खाली जाण्याचा हक्क

३० एप्रिल २०१७ रोजी ऐझॉल एफसीनं शिलाँग लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधली आणि आय-लीग जिंकली. ईशान्य भारतातल्या संघानं देशाची फुटबॉल लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. ऐझॉलचे गुण ३७, मोहन बागानचे ३६. एका गुणानं करंडक मिझोरामला गेला. त्याच गुणतक्त्यात अगदी तळाला मुंबई एफसीचं नाव होतं. अठरा सामन्यांत दोन विजय आणि दहा संघांत दहावा क्रमांक.

या दोन टोकांना जोडणारा एक माणूस आहे. ऐझॉलचे प्रशिक्षक खालिद जमील २००९ पासून २०१६ पर्यंत मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. त्या काळात मुंबईनं मोठी स्पर्धा जिंकली नाही, पण संघ वरच्या श्रेणीत टिकून राहिला. २०१६ मध्ये जमील आणि मुंबईची फारकत झाली. पुढच्याच हंगामात जमील विजेते ठरले आणि त्यांचा जुना संघ तळाला गेला. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे ज्या ऐझॉलला त्यांनी लीग जिंकून दिली, तो संघ वर्षभरापूर्वी स्वतःच खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता.

विजेतेपदाच्या शर्यतीवर भरपूर लिहिलं जातं, तळाच्या शर्यतीवर फारसं नाही. पण फुटबॉलच्या चाहत्याची आशा किती चिवट असते हे तळालाच कळतं. आणि महाराष्ट्रात त्या आशेचं काय झालं हे पाहिलं, की आपला संघ खाली जाणं यापेक्षा वाईट गोष्टी असतात हेही कळतं.

भूम तालुक्यातल्या ईटमधून हे सगळं लांबचं वाटेल. धाराशिव जिल्ह्याची खेळातली ओळख खो-खोची. भारतीय महिला खो-खो संघाची कर्णधार राहिलेली सारिका काळे याच जिल्ह्याची. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. मोठ्या लीगचा फुटबॉल सामना मैदानात बसून पाहायचा तर इथून मुंबई नाहीतर गोवा गाठावं लागतं. मोबाइलनं मात्र ही अडचण भलत्याच दिशेनं सोडवली. इंग्लंडमधला शनिवारी दुपारी तीनचा सामना आपल्याकडे हिवाळ्यात रात्री साडेआठला आणि उन्हाळ्यात साडेसातला सुरू होतो. खुद्द ब्रिटनमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचं थेट प्रक्षेपण होत नाही. लोक घरी बसले तर लहान क्लबांची मैदानं ओस पडतील, ही त्यामागची भीती. म्हणजे जो सामना तिथला चाहता घरी टीव्हीवर पाहू शकत नाही, तो ईटमधला पोरगा जेवता जेवता पाहू शकतो. अशा पोरानं जिव्हाळा लावलेला संघ तळाला असेल, तर डिसेंबरपासून मेपर्यंत त्याच्या जिवाला घोर.

वरच्याला खाली, खालच्याला वर

नियम साधा आहे. लीगच्या अनेक श्रेणी असतात. हंगाम संपला की वरच्या श्रेणीतले तळाचे काही संघ खाली जातात आणि खालच्या श्रेणीतले पहिले काही वर येतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये वीस संघ, प्रत्येकाचे ३८ सामने आणि शेवटचे तीन खाली. आयपीएलवर वाढलेल्या प्रेक्षकाला ही भानगड नवी वाटते, कारण तिथे दहावा आलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्याच्या शेजारी उभा असतो. पण क्रिकेटलाही ही कल्पना परकी नाही. रणजी करंडकात एलिट आणि प्लेट असे गट आहेत आणि त्यांच्यात संघ वर-खाली होतात. २००६-०७ मध्ये मुंबईचा रणजी संघ पहिले तीनही सामने हरला होता. मुंबई खालच्या गटात जाते की काय, अशी चर्चा सुरू झाली. अमोल मुझुमदारच्या त्या संघानं तिथून उसळी मारली आणि करंडकच जिंकला.

फुटबॉलमध्ये या नियमाचा जन्म इंग्लंडचा. तिथली लीग १८८८ मध्ये सुरू झाली आणि १८९२ मध्ये दुसरी श्रेणी आली. सुरुवातीला कोण वर, कोण खाली हे ठरवायला वरच्या श्रेणीतले तळाचे आणि खालच्या श्रेणीतले अव्वल संघ एकमेकांशी कसोटीचे सामने खेळत. १८९८ मध्ये स्टोक आणि बर्नली यांच्यात असा सामना झाला. गणित असं जुळलं होतं, की बरोबरी झाली तर दोघांचंही भागत होतं. सामना अर्थातच ०-० सुटला. गोल करायचा दोघांपैकी कुणी मनापासून प्रयत्नही केला नाही. ओरड झाली, कसोटी सामने बंद पडले आणि गुणतक्त्यावरून थेट वर-खाली करण्याची पद्धत आली. आजही जगभर बहुतेक ठिकाणी हीच चालते.

तपशील देशोदेशी बदलतात. अर्जेंटिनात अनेक वर्षं एका हंगामाचे गुण नव्हे, तीन हंगामांच्या गुणांची सरासरी धरत. मोठ्या संघांना एका वाईट वर्षापासून वाचवण्याचीच ही युक्ती, असं तिथले लोक म्हणायचे. तरीही २०११ मध्ये रिव्हर प्लेटसारखा बलाढ्य क्लब त्याच सरासरीच्या गणितात अडकला आणि इतिहासात पहिल्यांदा खाली गेला.

चाहत्याचा हिशेब

तळाच्या संघाचा चाहता मार्च-एप्रिलमध्ये गणिती होतो. सामना जिंकला तर तीन गुण, बरोबरीला एक, पराभवाला शून्य. पूर्वी विजयाला दोनच गुण मिळत. इंग्लंडनं १९८१ मध्ये ते तीन केले आणि पुढे जगानं ते उचललं. या एका गुणानं तळाची लढाई बदलून टाकली. पूर्वी दोन बरोबऱ्या म्हणजे एक विजय होता. आता तीन बरोबऱ्या केल्या तेव्हा कुठे एक विजय भरतो. त्यामुळे जपून खेळून गुणागुणानं तगण्याचा मार्ग अरुंद झाला. कुठेतरी उडी घ्यावीच लागते.

दुसरं गणित तळातल्या दोन संघांच्या आपसातल्या सामन्याचं. समजा, आपले २८ गुण आणि शेजाऱ्याचेही २८. आपण जिंकलो तर ३१ विरुद्ध २८, हरलो तर २८ विरुद्ध ३१. निकालानं पडणारा फरक सहा गुणांचा. म्हणून अशा सामन्याला सहा गुणांचा सामना म्हणतात. विजेतेपदाच्या लढतीपेक्षा अशा सामन्यात मैदानावर जास्त ताण असतो, कारण तिथे हरणाऱ्याच्या हाती रौप्यपदकही लागत नाही.

तिसरं गणित सुरक्षित आकड्याचं. प्रीमियर लीगमध्ये ४० गुण झाले की वाचलो, असं म्हणण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात हा आकडा कधी कमी पडतो, कधी फार जास्त ठरतो. २००२-०३ मध्ये वेस्ट हॅम ४२ गुण मिळवूनही खाली गेला. २००४-०५ मध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियन ३४ गुणांवर तगला, तोही नाताळला तळाशी असताना. २०२३-२४ मध्ये आर्थिक नियम मोडल्याबद्दल नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार गुण कापले गेले. उरलेल्या ३२ गुणांवरही संघ वाचला. नेमका किती गुणांचा उंबरठा ओलांडायचा हे शेवटच्या दिवसापर्यंत कुणालाच माहीत नसतं.

आणि गुण सारखे झाले तर? स्पेनमध्ये आधी दोन संघांमधल्या आपसातल्या सामन्यांचे निकाल पाहतात. इंग्लंडमध्ये आधी गोलफरक, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा. ५ मे १९९६ ला या गोलफरकानं मँचेस्टर सिटीचा घात केला. लिव्हरपूलविरुद्ध ०-२ वरून सिटीनं २-२ अशी बरोबरी केली होती. बरोबरी पुरेशी आहे, अशी बातमी कुठून तरी मैदानात पोहोचली आणि खेळाडू कोपऱ्यात चेंडू अडवून वेळ काढू लागले. बातमी खोटी होती. बदली होऊन बाहेर गेलेला नायल क्विन धावत येऊन ओरडून सांगू लागला, गोल हवाय! तोवर वेळ सरली होती. साउदॅम्प्टन, कॉव्हेंट्री आणि सिटी तिघांचे ३८ गुण झाले. गोलफरकात मागे पडलेली सिटी खाली गेली.

शेवटच्या फेरीचे सगळे सामने एकाच वेळी सुरू करतात, त्यामागेही असाच कडू अनुभव आहे. १९८२ च्या विश्वचषकात स्पेनमधल्या खिखोन शहरात पश्चिम जर्मनीनं ऑस्ट्रियाला १-० हरवलं. त्याच गटातल्या अल्जीरियाचा सामना आदल्या दिवशीच संपला होता, त्यामुळे कोणता निकाल आपल्या दोघांना पुढे नेतो हे दोन्ही संघांना ठाऊक होतं. दहाव्या मिनिटाच्या गोलानंतर उरलेला सामना दोघांनी नुसता चेंडू इकडून तिकडे सरकवत घालवला. अल्जीरिया बाहेर पडला आणि तेव्हापासून गटातले शेवटचे सामने एका वेळी खेळवायची पद्धत रुजली. म्हणूनच प्रीमियर लीगच्या शेवटच्या रविवारी ईटमधला चाहता एका डोळ्यानं आपला सामना आणि दुसऱ्या डोळ्यानं इतर मैदानांचे आकडे पाहत असतो.

आशा इतकी चिवट का

हे सगळं तोंडपाठ असूनही चाहत्याचा हिशेब तटस्थ नसतो. उरलेले सहा सामने लिहून काढताना तो दुबळ्या संघासमोर विजय मांडतो, बलाढ्य संघासमोर बरोबरी, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या खात्यात मात्र पराभवावर पराभव. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ही आशा समजावून सांगावी लागत नाही. मृग कोरडा गेला तर आर्द्रा आहे, आर्द्रा हुकलं तर पुनर्वसू, आणि काहीच नाही तर परतीचा पाऊस. दर वेळी हिशेब नव्यानं मांडायचा आणि दर वेळी तो खराच वाटायचा.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सिअल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये चाहत्यांवरचा एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाचा संघ जिंकला की पुढच्या सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढत. जिंकल्यावर ‘आपण जिंकलो’ असं बोलण्याकडे कल असे, हरल्यावर ‘ते हरले’. यशाच्या उन्हात शेकायला सगळेच येतात. तळाच्या संघाला धरून राहणारा चाहता या नियमातून सुटलेला असतो. त्याला शेकायला ऊनच नसतं, तरी तो ‘आपण’ म्हणणं सोडत नाही.

त्याच्या आशेला अधूनमधून खतपाणीही मिळतं. ८ मे १९९९ ला इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीत कार्लाइल युनायटेड लीगमधूनच बाहेर फेकला जाणार होता. शेवटच्या मिनिटाला, उसनवारीवर आणलेला गोलरक्षक जिमी ग्लास आपलं गोलक्षेत्र सोडून पुढे गेला आणि त्यानंच गोल केला. कार्लाइल वाचला. तिकडे दुसऱ्या मैदानावर आपण वाचलो म्हणून नाचू लागलेले स्कारबरोचे चाहते खाली गेले. २०१४-१५ मध्ये नाताळला तळाशी असलेल्या लेस्टरनं शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून जागा राखली आणि पुढच्या वर्षी, १ ला ५००० असा भाव असताना, प्रीमियर लीग जिंकली. ऐझॉलची गोष्टही त्याच जातीची, फक्त तिच्यावर कॅमेरे कमी होते.

या सगळ्या गोष्टींत एक समान धागा आहे. निकाल मैदानावर लागला. आशा मैदानावर टेकलेली होती. भारतात नेमका हाच आधार डळमळीत होता.

मुंबईचं काय झालं

मुंबईला फुटबॉल नवा नाही. रोव्हर्स करंडक १८९१ पासून इथला, आणि कूपरेज मैदान पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉलचं. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, ओएनजीसी असे कंपन्यांचे संघ इथे होते. महिंद्रा १९६२ पासूनचा. २००५-०६ मध्ये त्यांनी राष्ट्रीय लीग जिंकली. २००७ मध्ये एस्सेल समूहानं मुंबई एफसी उभा केला. इंग्लिश प्रशिक्षक डेव्हिड बूथ यांच्या संघानं २००८ मध्ये दुसरी श्रेणी जिंकली आणि मुंबई आय-लीगमध्ये आली. म्हणजे मुंबई एफसी शिडी चढून वर आलेला संघ होता.

मग शहरातले संघ एकेक करून गळू लागले. २०१० मध्ये महिंद्रानं संघ बंद केला. तो खाली गेला नव्हता, मालकांनी निर्णय घेतला इतकंच. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी यांना आशियाई महासंघाच्या परवान्याच्या अटी पूर्ण न केल्यामुळे लीगबाहेर काढलं. एकटा मुंबई एफसी उरला. कूपरेजचं काम चालू असताना त्याला काही हंगाम घरचे सामने पुण्यात बालेवाडीला खेळावे लागले. कूपरेजला परतल्यावर ‘यलो ब्रिगेड’ या चाहत्यांच्या गटातले पिवळ्या रंगातले लोक छोट्या स्टँडमध्ये बसून ढोल वाजवू लागले.

२०१६-१७ च्या हंगामात जमील यांच्या जागी संतोष कश्यप आले, आणि हंगाम घसरल्यावर त्यांच्या जागी स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन. प्रशिक्षक बदलणं हा तळाच्या क्लबांचा जगभरचा उपाय. कधी लागू पडतो, बऱ्याचदा नाही. इथे नाही पडला. मुंबई शेवटची आली. नियमाप्रमाणे पुढचा हंगाम दुसऱ्या श्रेणीत खेळायचा, जमलं तर पुन्हा वर यायचं. तसं झालंच नाही. मुंबई एफसी खालच्या श्रेणीत उतरला नाही, तो बंद झाला.

इथे भारतीय फुटबॉलचं दुखणं दिसतं. इंग्लंडमध्ये खाली जाणाऱ्या क्लबला काही वर्षं लीगकडून सावरण्यापुरती रक्कम मिळत राहते, कारण प्रक्षेपणाचं उत्पन्न एकदम आटतं आणि खेळाडूंचे करार मात्र चालूच असतात. आपल्याकडे दुसऱ्या श्रेणीत प्रवासाचा खर्च देशभराचा आणि टीव्हीचं उत्पन्न जवळपास शून्य. मालकाच्या दृष्टीनं खाली जाणं म्हणजे पैसे जाळणं. १९९६-९७ मध्ये पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा फगवाड्याचा जेसीटीही २०११ मध्ये आय-लीगमधून खाली गेल्यावर लगेच बंद झाला. मुंबई त्याच वाटेनं गेली.

शेवटचा नंबर, तरी आत

पैशापेक्षाही खोल दुखणं नियमाचं आहे. लीगमध्ये नवे गुंतवणूकदार यावेत म्हणून भारतीय महासंघानं थेट प्रवेश देण्याचा मार्ग काढला. असे संघ शिडी न चढता वर येत आणि सुरुवातीची काही वर्षं त्यांना खाली जाण्यापासून सूट असे. हेतू वाईट नव्हता; नव्या मालकाला श्वास घ्यायला वेळ मिळावा. परिणाम मात्र विचित्र झाला. २०१४-१५ मध्ये पुण्याचा भारत एफसी शेवटचा आला, पण त्याला सूट होती. खाली गेला त्याच्या वरचा डेम्पो, पाच वेळा देशाची लीग जिंकलेला गोव्याचा क्लब. पुढच्या वर्षी पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स शेवटचा आला, त्यालाही सूट. खाली गेला त्याच्या वरचा ऐझॉल.

डेम्पोनं रडगाणं गायलं नाही. २०१६ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून त्यांनी परतीचा हक्क मिळवला. पण तेवढ्यात महासंघानं लीगांची फेररचना मांडली, तिच्यात आय-लीगचं स्थान खाली घसरणार होतं. निषेध म्हणून साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि डेम्पो यांनी लीगमधून अंग काढून घेतलं. जागा रिकाम्या झाल्या आणि खाली गेलेल्या ऐझॉलला पुन्हा वर बोलावलं गेलं. पुढची हकीकत आपण वाचलीच. ती परीकथाच होती, पण तिचा दरवाजा मैदानावर उघडला नव्हता, कार्यालयात उघडला होता.

याची दुसरी बाजू मुंबईच्या चाहत्याच्या वाट्याला आली. ज्या लीगमध्ये शेवटचा आलेला वाचू शकतो, खाली गेलेला वर येऊ शकतो आणि वर आलेला निघून जाऊ शकतो, तिथे चाहत्यानं गोलफरक मोजावा की बैठकीच्या बातम्या वाचाव्यात? त्याची आशा हळूहळू खेळावरून उठते आणि मालकाच्या मनःस्थितीवर जाऊन बसते.

पुण्याचं उदाहरण तर अजून बोलकं आहे. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला होता. २०१५ मध्ये बंद झाला. भारत एफसी एका हंगामात संपला. डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर दिसला नाही. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. चार वर्षांत चार क्लब. यातला एकही गुणतक्त्याच्या जोरावर खाली गेला नव्हता. पुण्याच्या चाहत्याला खाली जाण्याचं दुःख कधी भोगावंच लागलं नाही; दर वेळी संघच नाहीसा झाला.

बंद दारांची लीग

२०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगनं अमेरिकी पद्धत उचलली: ठरावीक संघ, मोठी गुंतवणूक, आणि कुणी खाली जायचं नाही. मालकांचा युक्तिवाद ऐकून घेण्यासारखा आहे. कोट्यवधी रुपये ओतून उभा केलेला क्लब एका वाईट हंगामात दुसऱ्या श्रेणीत जाणार असेल, तर अकादमीत आणि मैदानात पैसा कोण घालणार? मुंबई सिटीनं २०२०-२१ मध्ये साखळीतलं अग्रस्थान आणि करंडक दोन्ही जिंकलं, २०२२-२३ मध्ये पुन्हा अग्रस्थान मिळवलं, २०२३-२४ मध्ये पुन्हा करंडक. शहराला चांगला संघ मिळाला, हे नाकारता येणार नाही.

पण गंमत अशी, की २०१९ मध्ये या मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला तो मँचेस्टर सिटीच्या मालक समूहानं. १९९६ मध्ये खोट्या बातमीवर वेळ काढत खाली गेलेला तो क्लब १९९८ मध्ये आणखी घसरून तिसऱ्या श्रेणीत पोहोचला. तरी त्या हंगामात मेन रोडच्या मैदानावर सरासरी अठ्ठावीस हजार लोक येत होते. मे १९९९ मध्ये वर जाण्याच्या निर्णायक सामन्यात गिलिंगहॅमविरुद्ध नव्वदाव्या मिनिटाला ते ०-२ मागे होते. वाढीव वेळेत बरोबरी करून पेनल्टीवर जिंकले आणि वर्षभरात प्रीमियर लीगमध्ये परतले. आज श्रीमंतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या क्लबच्या जुन्या चाहत्याला विचारलं तर तो करंडकांइतक्याच अभिमानानं तिसऱ्या श्रेणीतलं ते वर्ष सांगेल. खाली जाऊन परत येण्याची सोय होती, म्हणून ते वर्ष अभिमानाचं ठरलं.

भारतातही ही सोय आणायचं ठरलं होतं. आशियाई महासंघाच्या मध्यस्थीनं २०१९ मध्ये झालेल्या आराखड्यात आय-लीगच्या विजेत्याला सुपर लीगमध्ये घ्यायचं आणि २०२४-२५ पासून तळाच्या संघाला खाली पाठवायचं, असं होतं. अर्धा भाग अमलात आला: २०२३ मध्ये पंजाब एफसी आणि २०२४ मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंग वर आले. दुसरा अर्धा अडला. २०२४-२५ मध्ये मोहम्मेडन शेवटचा आला आणि कुणीही खाली गेलं नाही. डेम्पो मात्र आपली वाट चालत राहिला आणि २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला.

तालमीचा संघ बंद पडत नाही

महाराष्ट्रात या प्रश्नाचं एक वेगळं उत्तर कोल्हापुरात आहे. तिथे १९४० पासून कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन फुटबॉल चालवते आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, प्रॅक्टिस क्लब असे संघ खेळतात. हे संघ पेठांचे आणि तालमींचे. वरिष्ठ गटातून घसरण्याची धास्ती तिथेही असते, हरल्यावर चौकात तोंड दाखवायची पंचाईतही होते. पण संघ खालच्या गटात गेला म्हणून तालीम कुणी विकत नाही. ज्याचं घर त्या पेठेत आहे त्याला दुसरा संघ निवडायची सोयच नसते, आणि संघालाही दुसरं गाव. म्हणून पुढच्या वर्षी तीच पोरं, तेच ढोल आणि तोच हिशेब पुन्हा सुरू होतो. देशासाठी १७ वर्षांखालील विश्वचषक २०१७ मध्ये खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

पेठेचं प्रेम मुंबईला उसनं आणता येणार नाही आणि कंपन्यांच्या पैशाशिवाय देशपातळीवरचा संघ चालणार नाही, हेही खरं. म्हणून नियमांनी तीन गोष्टी बघायला हव्यात. खाली जाणं ठरलं असेल तर ते सर्वांना सारखं लागू व्हावं, प्रवेशशुल्क भरलं म्हणून कुणाला सूट नको. खाली गेलेल्या क्लबला दुसऱ्या श्रेणीत तगता येईल इतका आधार मिळावा; राज्य किंवा विभागापुरते सामने ठेवले तरी प्रवासाचा खर्च बराच घटेल. आणि शिडीची सर्वांत खालची पायरी जिल्ह्यात असावी. धाराशिवला खो-खोनं ती पायरी बांधली, म्हणून तिथली मुलगी देशाची कर्णधार होऊ शकली. फुटबॉलला ती पायरी नसेल तर ईटच्या पोरासाठी फुटबॉल नेहमी मोबाइलवरचाच राहील.

चाहता आपल्याला वाटतो त्यापेक्षा कमी मागतो. आपला संघ जिंकलाच पाहिजे, असं तळाच्या संघाचा चाहता मुळात म्हणतच नाही. हरलो तर मैदानावर हरू, खाली गेलो तर गुणतक्त्यानं जाऊ आणि पुढच्या वर्षी खालच्या श्रेणीत का होईना, पण खेळायला उतरू, एवढीच त्याची अट असते. मुंबई एफसीच्या आणि पुण्याच्या चारही क्लबांच्या चाहत्यांना पराभव नवा नव्हता. त्यांच्याकडून हिरावला गेला तो पुढचा हंगाम.